एडवर्ड वेस्टन

एडवर्ड हेन्री वेस्टन (जन्म : २४ मार्च १८८६, हायलंड पार्क, इलिनॉय, मृत्यू : १ जानेवारी १९५८, कार्मेल हायलंड्स, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन छायाचित्रकार होते. छायाचित्रणाला स्वतंत्र दृश्यकला म्हणून प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या विसाव्या शतकातील कलावंतांमध्ये त्यांची गणना होते. नग्न मानवाकृती, व्यक्तिचित्रे, शंख, भाज्या, खडक आणि वाळूच्या टेकड्या हे त्यांचे प्रमुख विषय होत. वस्तूचे बाह्य रूप जसे आहे तसे, पूर्ण स्पष्टतेने आणि कोणताही कृत्रिम साज न चढवता टिपल्यास तिचे आंतरिक स्वरूपही प्रकट होते, या श्रद्धेवर त्यांची कला उभी आहे. मानवी शरीराकडेही त्यांनी याच दृष्टीने पाहिले. त्यामुळे त्यांची नग्नचित्रे एकीकडे आधुनिक छायाचित्रणातील मानदंड ठरली, तर दुसरीकडे शरीराला निव्वळ आकार मानताना त्या शरीराच्या धनी असलेल्या व्यक्तीचे काय होते, हा प्रश्नही त्यांच्यामुळेच पुढे आला. १९३७ साली गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार होते.

बालपण आणि शिक्षण

वेस्टन यांचे वडील एडवर्ड बर्बँक वेस्टन हे प्रसूतितज्ज्ञ होते, तर आई ॲलिस या शेक्सपिअरच्या नाटकांतून भूमिका करीत. एडवर्ड पाच वर्षांचे असताना आईचे निधन झाले आणि त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी असलेली बहीण मेरी, म्हणजेच मे, हिने त्यांचा सांभाळ केला. बहीण-भावाचा हा जिव्हाळा आयुष्यभर टिकला; वेस्टन यांच्या जीवनातील काही महत्त्वाची वळणेही या बहिणीच्या घराशी निगडित आहेत.

शालेय शिक्षणात त्यांचे मन फारसे रमले नाही. १९०२ साली सोळाव्या वाढदिवसानिमित्त वडिलांनी त्यांना कोडॅक कंपनीचा एक साधा पेटी-कॅमेरा भेट दिला. शिकागोतील उद्याने आणि मावशीचे शेत हे त्यांच्या आरंभीच्या छायाचित्रांचे विषय झाले. १९०६ मध्ये त्यांचे एक छायाचित्र एका छायाचित्रणविषयक मासिकात छापून आले. त्याच वर्षी विवाहानंतर कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या बहिणीकडे ते गेले. तेथे काही काळ त्यांनी रेल्वेच्या भूमापन पथकात काम केले. नंतर कॅमेरा घेऊन दारोदार फिरत मुलांची, पाळीव प्राण्यांची आणि अंत्यविधींचीही छायाचित्रे काढून ते उदरनिर्वाह करू लागले.

व्यवसायाचे रीतसर शिक्षण घ्यावे म्हणून त्यांनी इलिनॉयमधील एफिंगहॅम येथील छायाचित्रण महाविद्यालयात प्रवेश घेतला. नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम त्यांनी सहा महिन्यांतच पुरा केला. परंतु पूर्ण नऊ महिन्यांचे शुल्क भरल्याशिवाय पदविका मिळणार नाही असे सांगण्यात आल्यावर त्यांनी ते शुल्क भरण्यास नकार दिला. पदविकेविनाच ते कॅलिफोर्नियास परतले आणि लॉस एंजेलिसमधील स्टुडिओंत रिटचिंगचे, म्हणजे निगेटिव्हवर पेन्सिलीने काम करून चेहऱ्यावरील सुरकुत्या व डाग नाहीसे करण्याचे काम करू लागले. पुढे ज्या गोष्टीला त्यांनी कलेत पूर्णतः नाकारले, त्याच गोष्टीवर त्यांचा प्रपंच अनेक वर्षे चालला.

१९०९ साली त्यांचा विवाह फ्लोरा मे चँडलर यांच्याशी झाला. फ्लोरा वयाने सात वर्षांनी मोठ्या होत्या आणि शिक्षिकेचे काम करीत. या दांपत्याला चँडलर, ब्रेट, नील आणि कोल असे चार पुत्र झाले. त्यांपैकी ब्रेट व कोल हे पुढे छायाचित्रकार म्हणून प्रसिद्धीस आले.

ट्रॉपिको येथील स्टुडिओ

१९११ मध्ये वेस्टन यांनी ट्रॉपिको येथे (हे गाव पुढे ग्लेंडेल शहरात समाविष्ट झाले) स्वतःचा लहानसा स्टुडिओ उघडला. त्या काळी कलात्मक छायाचित्रणावर चित्रसदृश शैलीचा पगडा होता. मृदू भिंगाने आणलेला धूसरपणा, रंगचित्राचा भास निर्माण करणारा कागद आणि भावमधुर प्रसंगरचना ही या शैलीची लक्षणे होत. वेस्टन यांनी या शैलीत प्रावीण्य मिळवले. देशोदेशीच्या प्रदर्शनांतून त्यांना पारितोषिके मिळू लागली आणि लंडनच्या प्रतिष्ठित सलूनचे सदस्यत्वही लाभले.

१९१३ मध्ये त्यांची भेट मार्ग्रेथ मेथर या छायाचित्रकर्तीशी झाली. मेथर प्रथम त्यांच्या साहाय्यक व नंतर भागीदार झाल्या. रचनेतील रिकाम्या जागेचे महत्त्व, मोजक्या घटकांतून साधायचा तोल आणि एकूणच आधुनिक कलेची जाण यांबाबत वेस्टन यांच्यावर त्यांचा मोठा प्रभाव पडला. १९२१ मधील काही छायाचित्रांवर दोघांच्याही स्वाक्षऱ्या आढळतात. आपल्या आयुष्यातील पहिली महत्त्वाची व्यक्ती म्हणून वेस्टन यांनी पुढे रोजनिशीत मेथर यांचा उल्लेख केला आहे. १९२३ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत त्यांनी मेथर यांची काही नग्नचित्रे घेतली. या चित्रांतील धूसरपणा ओसरलेला असून शरीर व वाळू यांचा पोत स्पष्ट दिसतो.

१९२२ साल हे त्यांच्या कलेतील संक्रमणाचे वर्ष मानले जाते. ओहायो राज्यातील मिडलटाऊन येथे राहावयास गेलेल्या बहिणीला भेटण्यासाठी ते गेले असता तेथील पोलाद कारखान्याच्या उंच धुराड्यांची छायाचित्रे त्यांनी घेतली. या चित्रांत भावमधुरतेचा लवलेशही नव्हता. तेथून ते न्यूयॉर्कला गेले आणि आल्फ्रेड स्टिग्लिट्झ, पॉल स्ट्रँड व चार्ल्स शीलर या आधुनिक छायाचित्रणाच्या अध्वर्यूंना भेटले. स्टिग्लिट्झ यांनी स्तुतीबरोबरच उणिवाही दाखवल्या. परतल्यावर वेस्टन यांनी जुनी वाट सोडण्याचा निश्चय केला. मेक्सिकोपूर्व काळातील आपल्या बहुतेक रोजनिश्याही त्यांनी पुढे नष्ट केल्या.

मेक्सिकोतील वर्षे

इटलीत जन्मलेल्या अभिनेत्री टीना मोदोत्ती यांच्याशी वेस्टन यांचा स्नेह या सुमारास जुळला होता. १९२३ च्या जुलैअखेरीस ते मोदोत्ती आणि थोरला मुलगा चँडलर यांच्यासह जहाजाने मेक्सिकोला निघाले. फ्लोरा आणि इतर तीन मुले मागे राहिली. कुटुंबाचा भार यानंतर मुख्यतः फ्लोरा यांच्या शिक्षिकेच्या वेतनावर पडला. मुलांची आठवण आणि आपल्या निवडीबद्दलची टोचणी यांचे उल्लेख वेस्टन यांच्या रोजनिशीत वारंवार येतात; मात्र ते परतले तेव्हाही हा संसार पुन्हा जुळला नाही.

मेक्सिको शहरात त्यांनी व्यक्तिचित्रांचा स्टुडिओ काढला. मोदोत्ती यांनी स्टुडिओचा व्यवहार, दुभाषाचे काम व घर सांभाळावे आणि त्याबदल्यात वेस्टन यांनी त्यांना छायाचित्रण शिकवावे, असे ठरले होते. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोत कलेचे नवे युग सुरू झाले होते. डिएगो रिव्हेरा, होसे क्लेमेंते ओरोस्को आदी भित्तिचित्रकारांच्या वर्तुळात वेस्टन यांचे स्वागत झाले. मायदेशात छायाचित्रकाराला कारागीर समजले जाई. येथे त्यांना प्रथमच चित्रकारांच्या बरोबरीचे स्थान मिळाले. या काळात त्यांनी घेतलेल्या मस्तकचित्रांत नेम धरून गोळी झाडताना टिपलेले मान्वेल एर्नांदेस गाल्व्हान आणि बोलत असताना टिपलेल्या ग्वादालूपे मारिन यांची चित्रे विशेष प्रसिद्ध आहेत.

१९२४ मध्ये घराच्या सपाट गच्चीवर, कडक उन्हात पहुडलेल्या मोदोत्तींची नग्नचित्रे त्यांनी घेतली. आतापर्यंत नग्नचित्रात प्रचलित असलेले पडदे, पौराणिक वेश किंवा धुक्यासारखा प्रकाश यांपैकी काहीच या चित्रांत नाही. गच्चीची फरशी, कातडीवर पडलेले ऊन आणि शरीराखालची तीव्र छाया एवढेच त्यांत आहे. मोदोत्ती या पुढे स्वतः समर्थ छायाचित्रकर्त्या म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. श्रमिकांचे हात, शेतकऱ्यांचे मेळावे आणि राजकीय चळवळ हे त्यांचे विषय झाले. १९३० मध्ये त्यांना मेक्सिकोतून हद्दपार करण्यात आले. गुरूच्या चित्रांतील केवळ एक सुंदर आकृती म्हणून त्यांचा उल्लेख दीर्घकाळ होत राहिला. त्यांच्या स्वतंत्र कार्याची नीट दखल पुष्कळ उशिरा घेतली गेली.

१९२५ मध्ये वेस्टन यांनी आकाराच्या शोधाची परिसीमा गाठली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात घरातील शौचकुपाच्या पांढऱ्या, चकचकीत भांड्याची छायाचित्रे घेण्यात ते कित्येक दिवस गढून गेले होते. त्या भांड्याच्या वळणांत त्यांना मानवी शरीराची वळणे आणि प्राचीन ग्रीक शिल्पाचा डौल दिसत होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी लेखिका अनिता ब्रेनर यांची पाठमोरी नग्नचित्रे घेतली. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध चित्रात मस्तक, हात व पाय दिसत नाहीत. काळ्या पार्श्वभूमीवर पेरूच्या जातीच्या एखाद्या फळासारखा भासणारा पाठीचा आकार तेवढा उजळून निघतो. एक टाकाऊ मानलेली वस्तू आणि मानवी देह यांच्याकडे त्यांनी सारख्याच एकाग्रतेने पाहिले, हे या दोन चित्रमालिका शेजारी ठेवल्यास ध्यानात येते. ब्रेनर यांच्या मेक्सिकन कलेवरील ग्रंथासाठी वेस्टन, मोदोत्ती आणि ब्रेट यांनी १९२६ मध्ये मेक्सिकोच्या अनेक भागांत प्रवास करून छायाचित्रे घेतली. त्या वर्षाच्या अखेरीस वेस्टन कायमचे कॅलिफोर्नियास परतले.

शंख, भाज्या आणि देह

१९२७ च्या आरंभी चित्रकर्त्री हेन्रिएटा शोर यांच्या स्टुडिओत वेस्टन यांनी काही मोठे शंख पाहिले आणि त्यांची छायाचित्रे घेण्यास सुरुवात केली. नॉटिलस जातीच्या शंखाचे त्यांचे चित्र जगप्रसिद्ध आहे. अंधारातून उमलल्यासारखा दिसणारा तो शुभ्र आकार अनेकांना कमळकळीसारखा वाटला, तर अनेकांना त्यात स्त्रीदेहाचा भास झाला. वेस्टन यांनी ही चित्रे मोदोत्ती यांच्याकडे मेक्सिकोला पाठवली. तेथील चित्रकार मित्रांनी त्यांतील शृंगारिक सूचकतेची चर्चा केल्याचे मोदोत्ती यांनी कळवले, तेव्हा आपल्या मनात असा कोणताही हेतू नव्हता, आपण फक्त शंखाचे रूप पाहत होतो, अशी नोंद वेस्टन यांनी रोजनिशीत केली.

ही तफावत त्यांच्या कलेच्या मुळाशी आहे. निसर्गातील सर्व आकार एकाच मूलभूत लयीतून घडलेले आहेत, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच शंख, मुळा, कोबीचे पान, झाडाचे खोड आणि गुडघा यांच्यात त्यांना नाते दिसे. ते उपमा शोधीत नव्हते. साम्य वस्तूंमध्येच आहे असे ते मानीत. पाहणाऱ्याला मात्र त्या साम्यातूनच देहाची आठवण होई. निर्मात्याचा हेतू आणि प्रेक्षकाचा अनुभव यांच्यातील हे अंतर त्यांच्या चित्रांभोवती कायम राहिले.

याच वर्षी नर्तकी बर्था वॉर्डेल यांनी वेस्टन यांचे काम पाहून त्यांच्यासाठी नृत्यमुद्रा देण्याची तयारी स्वतःहून पत्राने कळवली. वेस्टन यांनी घेतलेल्या त्यांच्या नग्नचित्रांत कंबरेखालील भागावर, विशेषतः दुमडलेल्या व ताणलेल्या पायांवर लक्ष केंद्रित केलेले आहे. या चित्रांसाठी त्यांनी हातात धरता येण्याजोगा ग्राफ्लेक्स कॅमेरा वापरला, कारण तिवईवरील मोठ्या कॅमेऱ्याने हालचालीतील क्षण पकडणे शक्य नव्हते. शंखांसाठी लागणारा दीर्घ प्रकाशनकाळ आणि नर्तकीच्या पायांसाठी लागणारी चपळाई या दोन्ही पद्धती ते एकाच वेळी हाताळत होते.

१९२९ आणि १९३० मध्ये ढोबळी मिरची हा त्यांचा आवडता विषय झाला. छायाचित्रकर्त्री सोनिया नॉस्कोविआक या त्या वेळी त्यांच्या सहचारिणी व शिष्या होत्या; बाजारातून वाकड्यातिकड्या मिरच्या त्या निवडून आणीत. ऑगस्ट १९३० मध्ये एक मिरची पत्र्याच्या आडव्या ठेवलेल्या नरसाळ्यात ठेवण्याची युक्ती वेस्टन यांना सुचली. नरसाळ्याच्या उतरत्या बाजूंवरून परावर्तित होणाऱ्या मऊ प्रकाशामुळे मिरचीची प्रत्येक घडी उठून दिसू लागली. असे घेतलेले तिसाव्या क्रमांकाचे चित्र पाठमोऱ्या, एकमेकांना बिलगलेल्या मानवी आकृतींची आठवण करून देते. ते त्यांचे बहुधा सर्वाधिक पुनर्मुद्रित झालेले चित्र असावे. छायाचित्रण आटोपल्यावर असे नमुने बहुधा घरच्या जेवणात वापरले जात.

कार्मेल आणि एफ/६४ गट

जानेवारी १९२९ मध्ये वेस्टन कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील कार्मेल गावी राहावयास गेले. जवळच्या पॉइंट लोबोस या खडकाळ भूशिरावर त्यांनी सायप्रस वृक्षांची मुळे, झिजलेले खडक आणि समुद्रशैवाल यांची छायाचित्रे घेतली. त्याच वर्षी जर्मनीतील स्टुटगार्ट येथे भरलेल्या चित्रपट व छायाचित्र प्रदर्शनासाठी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कलावंतांची निवड त्यांनी केली. १९३० मध्ये ओरोस्को यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमधील डेल्फिक स्टुडिओज येथे त्यांचे एकल प्रदर्शन भरले.

१९३२ मध्ये अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स, विलर्ड व्हॅन डाइक, इमोजेन कनिंगहॅम, नॉस्कोविआक आदी छायाचित्रकारांनी स्थापन केलेल्या एफ/६४ गटात वेस्टन सामील झाले. भिंगाच्या अतिशय लहान छिद्राचे हे परिमाण असून त्यामुळे चित्रातील जवळचे व दूरचे सर्व तपशील स्पष्ट येतात. गटाचे पहिले प्रदर्शन १५ नोव्हेंबर १९३२ रोजी सान फ्रान्सिस्कोतील डी यंग संग्रहालयात सुरू झाले. धूसर, चित्रसदृश छायाचित्रणाविरुद्धची ही उघड भूमिका होती. वेस्टन कीर्तीने गटातील ज्येष्ठ असले, तरी संघटनात्मक कामात त्यांना रस नव्हता आणि ते लवकरच गटापासून दूर झाले. स्वतःच्या स्टुडिओवर मात्र त्यांनी रिटचिंग न केलेली व्यक्तिचित्रे मिळतील अशी पाटी लावली. गिऱ्हाइकाला खुश करण्यासाठी चेहरे गुळगुळीत करण्याच्या कामातून सुटका करून घेण्यास त्यांना वीस वर्षांहून अधिक काळ लागला. या निर्णयाने उत्पन्न घटले, पण तो त्यांनी बदलला नाही.

कॅरिस विल्सन

१९३४ च्या आरंभी कार्मेलमधील एका संगीत मैफलीत वेस्टन यांची कॅरिस विल्सन यांच्याशी ओळख झाली. कादंबरीकार हॅरी लिऑन विल्सन यांच्या त्या कन्या होत. त्या वेळी त्या विशीच्या उंबरठ्यावर होत्या, तर वेस्टन अठ्ठेचाळिशीच्या जवळ पोहोचले होते. त्यानंतरच्या अकरा वर्षांत कॅरिस या त्यांच्या सहचारिणी, पत्नी आणि नग्नचित्रांतील प्रमुख आकृती होत्या. फ्लोरा यांच्याशी रीतसर घटस्फोट झाल्यावर १९३९ मध्ये वेस्टन आणि कॅरिस यांचा विवाह झाला.

कॅरिस यांच्या आरंभीच्या चित्रांत देहाचे तुकडे आढळतात. हात, मांडी, पाठ असे भाग चौकटीत घट्ट बसवलेले आहेत. हळूहळू चौकट रुंदावत गेली आणि पूर्ण आकृती दिसू लागली. १९३६ मधील, सांता मोनिका येथील घराच्या दारात काढलेले चित्र हे या बदलाचे उत्तम उदाहरण होय. कॅरिस जमिनीवर बसलेल्या असून एक गुडघा उभा आहे, दोन्ही हात त्याभोवती गुंफलेले आहेत आणि मान खाली झुकलेली आहे. चेहरा दिसत नाही, गुह्यांगही दिसत नाही. बाहू, पाय आणि केसांतील भांग यांनी मिळून एक बंदिस्त रचना सिद्ध होते. आज परिपूर्ण मानल्या जाणाऱ्या या चित्राबाबत वेस्टन स्वतः असमाधानी होते. हातावर पडलेली छाया त्यांना खटके, तर वाकडा भांग कॅरिस यांना खटके.

त्याच वर्षी ओशानो येथील वाळूच्या टेकड्यांवर त्यांनी कॅरिस यांची नग्नचित्रमालिका घेतली. वाऱ्याने उमटलेल्या लाटांच्या वाळूवर पालथ्या किंवा उताण्या पडलेल्या या आकृतीला कोणतीही मुद्रा शिकवलेली वाटत नाही. उतारावरून लोळत खाली येण्याचा खेळ कॅरिस खेळत असताना वेस्टन कॅमेरा लावून उभे असत. येथे देह शंखासारखा एकाकी, काळ्या पार्श्वभूमीवर ठेवलेला नाही. तो ऊन, वाळू आणि वारा यांच्या सान्निध्यात आहे. ब्रेनर यांच्या चित्रात व्यक्ती पूर्णपणे लोपली होती, तर येथे व्यक्तीचा स्वभाव आकारातून डोकावतो. त्यामुळे अनेक अभ्यासक या मालिकेला वेस्टन यांच्या नग्नचित्रांतील सर्वोच्च टप्पा मानतात.

गुगेनहाइम शिष्यवृत्ती आणि प्रवास

१९३७ मध्ये वेस्टन यांना २,००० डॉलरची गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढील वर्षी तिची मुदत वाढवण्यात आली. शिष्यवृत्तीसाठीच्या अर्जाचा सविस्तर मजकूर तयार करण्यात कॅरिस यांचा मोठा वाटा होता. वेस्टन यांना मोटार चालवता येत नसल्याने प्रवासात मोटारही त्याच चालवीत आणि दररोजच्या नोंदी ठेवीत. पहिल्या बारा महिन्यांत या दोघांनी १८७ दिवस प्रवास करून सुमारे १६,७०० मैलांचे अंतर कापले आणि वेस्टन यांनी १,२६० निगेटिव्ह तयार केल्या.

या प्रवासात कॅलिफोर्नियाच्या कोलोरॅडो वाळवंटात त्यांना एका अनोळखी माणसाचा मृतदेह आढळला. वेस्टन यांनी त्याचे छायाचित्र घेतले. फाटके कपडे, उन्हात पडलेला शांत चेहरा आणि आजूबाजूचा काटक्यांचा पाचोळा एवढेच त्यात आहे. त्यांच्या मानवाकृतींच्या चित्रांत या चित्राचा विचार क्वचितच केला जातो. परंतु वाळूवरील जिवंत देह आणि वाळवंटातील निष्प्राण देह यांच्याकडे पाहण्याची त्यांची नजर एकच होती, हे त्यातून दिसते.

१९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्निया अँड द वेस्ट या पुस्तकात वेस्टन यांची ९६ छायाचित्रे असून मजकूर कॅरिस यांनी लिहिला आहे. या काळात वेस्टन यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या अनेक लेखांचे लेखनही कॅरिस यांनीच केले होते. १९४१ मध्ये वॉल्ट व्हिटमन यांच्या लीव्हज ऑफ ग्रास या काव्यसंग्रहाच्या सचित्र आवृत्तीसाठी दोघांनी देशभर प्रवास केला. अमेरिका युद्धात उतरल्यामुळे तो आवरता घ्यावा लागला. युद्धकाळात घेतलेल्या एका चित्रात नग्न कॅरिस यांच्या चेहऱ्यावर विषारी वायूपासून संरक्षण करणारा मुखवटा आहे. या काळातील उपरोधिक चित्रांचे तत्कालीन चाहत्यांना आश्चर्य वाटले. १९४५ मध्ये दोघे विभक्त झाले आणि पुढील वर्षी त्यांचा घटस्फोट झाला.

कार्यपद्धती

वेस्टन यांची साधने अत्यंत साधी होती. मुख्य कामासाठी ते तिवईवरचा, ८ × १० इंच आकाराची निगेटिव्ह देणारा मोठा कॅमेरा वापरीत. कॅमेऱ्याच्या मागील दुधी काचेवर दिसणारे चित्र हेच अंतिम चित्र मानून ते रचना पक्की करीत. नंतर कडा छाटणे, भाग वगळणे किंवा निगेटिव्हवर हात फिरवणे त्यांना मान्य नव्हते. छाप तयार करताना निगेटिव्ह थेट संवेदनशील कागदावर ठेवून प्रकाश दिला जाई. त्यामुळे छाप निगेटिव्हएवढाच राही आणि कोणताही तपशील हरवत नसे. त्यांच्या अंधारखोलीत वर टांगलेला एक दिवा, छपाईची चौकट आणि रसायनांच्या थाळ्या याखेरीज फारसे काही नसे. मेक्सिकोत ते मुख्यतः प्लॅटिनम व पॅलॅडियम कागद वापरीत. पुढे त्यांनी चांदीच्या क्षारांचा तुकतुकीत कागद स्वीकारला.

मानवाकृतीचे छायाचित्रण करताना ते मॉडेलला मुद्रा सांगत नसत, असे कॅरिस यांनी नमूद केले आहे. समोरची व्यक्ती मोकळेपणाने हालचाल करी आणि मनासारखी रचना दिसताच ते थांबण्यास सांगत. म्हणजे चित्रातील मुद्रा बहुधा मॉडेलने सुचवलेली आणि छायाचित्रकाराने ओळखलेली असे.

न्यूयॉर्कचे प्रदर्शन

१९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने वेस्टन यांच्या समग्र कार्याचे मोठे प्रदर्शन भरवले. ब्युमाँट आणि नॅन्सी न्यूहॉल या दांपत्याचा त्यात पुढाकार होता. प्रदर्शनाच्या तयारीत गुह्यकेश दिसणारी नग्नचित्रे वगळावीत की काय, यावर पत्रव्यवहार झाला. अश्लील ठरवलेले साहित्य टपालाने पाठवण्यास अमेरिकेत कायद्याने बंदी होती आणि संग्रहालयाला वादाची धास्ती वाटत होती. शिल्पात व रंगचित्रात नग्नतेला शतकानुशतके मान्यता असताना छायाचित्रातील खऱ्या देहाला वेगळा न्याय का, हा वेस्टन यांचा आक्षेप होता. या सावधगिरीची त्यांनी पत्रांतून थट्टाही केली.

आजार आणि अखेर

१९४५ च्या सुमारास वेस्टन यांच्यात कंपवाताची लक्षणे दिसू लागली. कोडॅक कंपनीच्या विनंतीवरून या काळात त्यांनी काही रंगीत छायाचित्रेही घेतली; परंतु जड कॅमेरा वाहणे व स्थिर हाताने काम करणे दिवसेंदिवस कठीण होत गेले. १९४८ मध्ये पॉइंट लोबोस येथे त्यांनी शेवटचे छायाचित्र घेतले. खडक आणि विखुरलेले गोटे हा त्याचा विषय होता.

यानंतरची दहा वर्षे त्यांनी वाइल्डकॅट हिल या आपल्या लाकडी घरात काढली. हे घर १९३८ मध्ये त्यांच्या नील या मुलाने बांधले होते. हात चालेनासे झाल्यावर चित्रांच्या छपाईचे काम ब्रेट यांनी आपल्या अंगावर घेतले. १९५० च्या दशकाच्या मध्यास वेस्टन यांच्या देखरेखीखाली सुमारे ८३० निगेटिव्ह निवडून प्रत्येकीच्या आठ प्रती छापण्याचा प्रकल्प राबवण्यात आला. खुर्चीत बसून प्रत्येक छाप पाहणे, स्वीकारणे किंवा नाकारणे हेच आता त्यांचे काम उरले होते. १ जानेवारी १९५८ रोजी राहत्या घरी त्यांचे निधन झाले. मृत्यूसमयी त्यांच्या बँकखात्यात सुमारे ३०० डॉलर होते. मुलांनी त्यांची रक्षा पॉइंट लोबोस येथील समुद्रात विसर्जित केली. त्या किनाऱ्याला आता वेस्टन बीच असे नाव आहे.

मूल्यमापन आणि वारसा

वेस्टन यांच्या रोजनिश्या नॅन्सी न्यूहॉल यांच्या संपादनाखाली १९६१ आणि १९६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाल्या. कलावंताच्या जडणघडणीचा दस्तऐवज म्हणून त्या महत्त्वाच्या मानल्या जातात. पैशाची चणचण, मुलांची ओढ, अनेक स्त्रियांशी आलेले संबंध आणि कामावरील अढळ निष्ठा यांचे निःसंकोच चित्रण त्यांत आहे.

१९७० च्या दशकापासून स्त्रीवादी समीक्षकांनी त्यांच्या नग्नचित्रांवर आक्षेप घेतले. मस्तक व चेहरा वगळून स्त्रीदेहाला फळ किंवा शंख यांच्या पंक्तीत बसवणे म्हणजे त्या व्यक्तीचे अस्तित्व नाकारणे होय, असा त्यांचा मुख्य मुद्दा आहे. वेस्टन यांनी पुरुषदेह, वृक्ष व खडक हेदेखील याच पद्धतीने टिपले आणि आकाराचा शोध हेच त्यांचे सूत्र होते, असे समर्थकांचे म्हणणे आहे. या वादात खुद्द कॅरिस यांची साक्ष मोलाची ठरते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थ्रू अनदर लेन्स या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी स्वतःला निष्क्रिय मॉडेल न मानता कामातील सहभागी म्हणून उभे केले. त्याचबरोबर वेस्टन यांच्या यशामागील आपल्या लेखनाचा व परिश्रमांचा हिशेबही मांडला. मेथर, मोदोत्ती आणि नॉस्कोविआक यांच्या स्वतंत्र कामाचाही अलीकडच्या काळात नव्याने अभ्यास होऊ लागला आहे. त्यामुळे वेस्टन यांच्या चित्रांत केवळ आकृती म्हणून दिसणाऱ्या स्त्रिया आता छायाचित्रणाच्या इतिहासात आपापल्या नावाने ओळखल्या जातात.

वेस्टन यांच्या निगेटिव्ह, पत्रे व इतर कागदपत्रे ॲरिझोना विद्यापीठाच्या टूसॉन येथील सर्जनशील छायाचित्रण केंद्रात जतन केलेली आहेत. हयातीत काही डॉलरना विकल्या गेलेल्या त्यांच्या छापांना नंतर मोठी किंमत येऊ लागली. १९२५ मधील एका नग्नचित्राचा छाप २००८ साली न्यूयॉर्कमधील लिलावात १६ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला. ब्रेट आणि कोल या पुत्रांनी छायाचित्रणाचा वारसा पुढे चालवला. वडिलांच्या इच्छेनुसार त्यांच्या निगेटिव्हवरून छाप काढण्याचे काम कोल यांनी पुढील अनेक वर्षे केले.